अजिंठ्याच्या वाटेवरील लहान कॅमेरा

प्रवासास निघणाऱ्या मनुष्याची खरी पंचाईत सामान बांधतांना होते. काय घ्यावें यापेक्षां काय घरीं ठेवावें हें ठरविणें अधिक कठीण असतें. आणि बरोबर कॅमेरा न्यावयाचा असला म्हणजे तर ही पंचाईत दुप्पट होते. मोठा कॅमेरा घेतला तर दुसऱ्याच दिवशीं खांदा दुखूं लागतो, आणि लहान घेतला तर परत आल्यावर चित्रें पाहून मन खट्टू होतें. दुकानांत उभा राहून हा विचार करणाऱ्या गृहस्थास आपला प्रश्न अगदीं नवा वाटत असेल. परंतु तो दीडशें वर्षांहूनहि जुना आहे. आणि महाराष्ट्रांत तो जेथें विशेष निकरानें उभा राहिला, तें ठिकाण आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत आहे.

या शहराचें नांव पूर्वीं औरंगाबाद होतें. २०२३ सालीं तें बदललें. शहरापासून वायव्येस सुमारें तीस किलोमीटरांवर वेरूळ आणि ईशान्येस सुमारें शंभर किलोमीटरांवर अजिंठा. दोन्ही ठिकाणीं डोंगराच्या काळ्या दगडांत कोरलेलीं लेणीं आहेत. पण कॅमेऱ्याच्या दृष्टीनें तीं एकमेकांचीं विरुद्ध टोकें होत. वेरूळचें कैलास लेणें वरून उघडें, त्यामुळें तेथें उजेडाची ददात नाहीं. अडचण आहे ती जागेची. सुमारें २७६ फूट लांब व १५४ फूट रुंद अशा खोदीव चौकांत मधोमध देऊळ उभें असल्यामुळें पाहणाऱ्यास मागें सरावयास जागाच उरत नाहीं. अजिंठ्याची गोष्ट उलट आहे. वाघोरा नदीच्या नालाच्या आकाराच्या वळणावर तीसएक लेणीं ओळीनें कोरलेलीं आहेत. विहारांत चार पावलें टाकलीं कीं उजेड मागें दरवाजापाशींच थांबतो, आणि ज्या भिंती पाहावयास माणूस इतक्या दूर आला, त्या भिंती अंधारांत राहतात. या दोन परीक्षांत जो कॅमेरा उतरेल तो प्रवासांत कोठेंहि चालेल, असें म्हणावयास हरकत नाहीं.

१८१९ सालीं जॉन स्मिथ नांवाचा मद्रासच्या फौजेंतील एक अधिकारी या दरींत आला आणि त्यानंतर अजिंठ्याची वार्ता युरोपांत पोंचली. याला 'शोध' म्हणण्याची चाल आहे. परंतु आसपासच्या गांवकऱ्यांना तीं लेणीं ठाऊक नव्हतीं असें थोडेंच आहे? स्मिथसाहेबानें दहाव्या लेण्यांतील एका खांबावर आपलें नांव कोरून ठेविलें. प्रवाशांची ही वाईट खोड अजिंठ्यास तेव्हांपासून लागली. पुढें १८३९ सालीं जेम्स फर्ग्युसन या वास्तुशास्त्राच्या अभ्यासकानें लेणीं पाहिलीं, आणि भिंतींवरील चित्रें नष्ट होण्याच्या मार्गावर आहेत असें लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या १८४३ सालच्या निबंधांत निदर्शनास आणिलें. कंपनी सरकारच्या डायरेक्टरांनीं मनावर घेतलें, आणि चित्रांच्या नकला करण्यासाठीं १८४४ सालीं रॉबर्ट गिल याची नेमणूक झाली.

गिल हाहि मद्रासच्या फौजेंतलाच. चित्रकलेंत हात चांगला, स्वभाव चिकट. अजिंठा गांवांतील बारादरींत त्यानें बिऱ्हाड केलें, आणि तेथून लेण्यांत जाऊन मोठमोठ्या कॅनव्हासवर तेलरंगांत तो नकला उतरवूं लागला. या कामांत त्याच्या आयुष्याचीं जवळजवळ वीस वर्षें गेलीं. गांवच्या पारो नांवाच्या स्त्रीशीं जुळलेल्या त्याच्या संबंधाची कहाणी मराठवाड्यांत घरोघर ठाऊक आहे. तिच्यावर काव्य झालें, चित्रपट निघाला. पारो १८५६ सालीं वारली आणि तिची कबर अजिंठ्यास आहे. लोकांच्या मनांत गिल राहिला तो या प्रेमकथेमुळें. त्याच्या हातांतील यंत्राकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं, आणि तें जावयास हवें होतें.

कारण त्याच वर्षाच्या सुमारास, म्हणजे १८५६ च्या आगेंमागें, गिल फोटोग्राफीकडे वळला. त्या काळीं फोटो काढणें म्हणजे काय दिव्य होतें याची श्रोत्यांनीं नीट कल्पना करावी, म्हणजे पुढील गोष्ट उमजेल. १८५१ सालीं फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजानें ओल्या कांचेची पद्धति प्रसिद्ध केली, आणि पुढें सुमारें तीस वर्षें सर्वत्र तिचेंच राज्य होतें. या पद्धतींत कॅमेऱ्यापेक्षां त्याचा परिवारच मोठा. प्रथम स्वच्छ पुसलेल्या कांचेवर कलोडियन नांवाचा चिकट द्रव ओतावयाचा, आणि कांच चहूं कोपऱ्यांकडे कलती करून त्याचा सारखा थर बसवावयाचा. मग अंधाऱ्या रावटींत ती कांच चांदीच्या क्षाराच्या पाण्यांत बुडवावयाची. ती ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालून चित्र घ्यावयाचें, ओली असतांनाच पुन्हा रावटींत नेऊन औषधानें प्रतिमा उठवावयाची, आणि नंतर भरपूर पाण्यानें धुवावयाची. कांच वाळली कीं सगळें फुकट. म्हणजे फोटोग्राफर जेथें जाईल तेथें त्याची अंधारकोठडी, औषधांच्या बाटल्या, कांचांच्या पेट्या, पाण्याच्या पखाली आणि हें सर्व वाहणारे गडी त्याच्यामागून चालले पाहिजेत.

त्यांत आपला दक्षिणेंतला उन्हाळा. कलोडियन हा द्रव ईथर आणि मद्यार्क यांत विरघळवून करीत. ईथर सुमारें ३५ अंश सेंटीग्रेडवर उकळतें, आणि अजिंठ्याच्या परिसरांत वैशाखांत पारा चाळिसाच्या वर जातो. थंड देशांत ज्या कांचेस आठदहा मिनिटें सहज मिळत, तिला येथें त्याच्या निम्मींहि मिळणें कठीण. शिवाय त्या वेळीं लहान निगेटिव्हवरून मोठें चित्र करण्याची सोय व्यवहारांत नसल्यासारखीच होती. कांच कागदावर ठेवून उन्हांत छापावयाची. म्हणजे जेवढी कांच तेवढेंच चित्र. ज्यास बारा इंचांचें चित्र हवें त्यानें बारा इंचांची कांच आणि ती ज्यांत मावेल असा पेटाऱ्याएवढा कॅमेरा वाहावा, हा त्या काळचा नियम होता. नांवाजलेले फोटोग्राफर तसेंच करीत, आणि चित्र जितकें मोठें तितकी त्यांची प्रतिष्ठा मोठी.

गिलनें आपल्या कामास स्टीरिओस्कोपिक कॅमेरा वापरला. हा त्या काळच्या मानानें लहानसा कॅमेरा. माणसाच्या दोन डोळ्यांप्रमाणें यास शेजारीं शेजारीं दोन भिंगें, आणि प्रत्येकाखालीं सुमारें तीन इंचांची एक प्रतिमा. दोन्ही प्रतिमा एका पुठ्ठ्यावर चिकटवून दुर्बिणीसारख्या पेटींतून पाहिल्या म्हणजे डोळ्यांपुढें एकच दृश्य उभें राहतें आणि त्यांत खोली दिसते. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनानंतर युरोपांत या खेळण्याचें वेड घरोघर पसरलें होतें. दिवाणखान्यांत बसून इजिप्त, रोम पाहावयाचें, हा त्या पिढीचा विरंगुळा. गंभीर कलावंत याला नाक मुरडीत. परंतु लेण्यांच्या कामास हेंच यंत्र योग्य कां होतें, याचें कारण भिंगाच्या गणितांत आहे.

भिंगांतून येणारा उजेड दोन गोष्टींवर अवलंबून असतो: भिंगाचें छिद्र किती रुंद आहे, आणि भिंगापासून प्रतिमा किती दूर पडते. छिद्र तेवढेंच ठेवून अंतर तिप्पट केलें तर उजेड तिसरा हिस्सा राहत नाहीं, नववा हिस्सा राहतो. मोठ्या कांचेस पंधरा इंच अंतराचें भिंग लागत असेल आणि लहान कांचेस पांच इंच पुरत असेल, तर एवढ्याशा फरकानें वीस सेकंदांचें काम तीन मिनिटांवर जातें. उन्हांत उभ्या असलेल्या इमारतीला हें चालून जाईल. वैशाखांत कांच वाळत असतांना, काळ्या दगडाच्या अंधाऱ्या दालनांत, तीन मिनिटें म्हणजे चित्र मिळणें आणि न मिळणें यांतील अंतर होय. आणखी एक लाभ असा कीं, लहान अंतराच्या भिंगांत जवळचा खांब आणि मागचा स्तूप हे दोन्ही एकदम रेखीव येतात. मोठ्यांत एक धरावा तर दुसरा पुसट होतो. चैत्यगृहांत तर जवळ आणि दूर यांखेरीज दुसरें कांहीं नसतेंच. दोन रांगा खांबांच्या, आणि त्यांच्या शेवटीं स्तूप. तेव्हां ओझें कमी हा लहान कॅमेऱ्याचा वरवर दिसणारा गुण. अंधारांत त्यास अधिक दिसतें हा त्याचा खरा गुण, आणि दुकानांत गिऱ्हाइकाच्या लक्षांत येत नाहीं तो नेमका हाच.

ओझें हलकें असल्याचा फायदाहि गिलनें पुरेपूर घेतला. अजिंठा आणि वेरूळ एवढ्यावर तो थांबला नाहीं. वऱ्हाडांत उतरून लोणारच्या सरोवराकांठचीं व गांवांतलीं देवळें त्यानें टिपलीं, रोहिणखेडची मशीद टिपली. त्या काळीं या गांवांकडे जाणारा मार्ग म्हणजे बैलगाडीच्या चाकोऱ्या. बारा इंचांच्या कांचांच्या पेट्या घेऊन त्या वाटेनें जाण्याचें धाडस फार थोड्यांनीं केलें असतें. या चित्रांचीं दोन पुस्तकें फर्ग्युसनच्या लेखनासह १८६४ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झालीं. एकांत शंभर स्टीरिओस्कोपिक चित्रें आणि दुसऱ्यांत कोरीव लेण्यांचीं चौऱ्याहत्तर छायाचित्रें.

आतां त्याच्या तेलरंगी नकलांचें काय झालें तें पाहावें. विलायतेस पाठविलेल्या त्याच्या नकला लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडल्या होत्या. १८६६ च्या डिसेंबरांत त्या इमारतीस आग लागली आणि थोड्या वगळतां सर्व नकला जळून गेल्या. वीस वर्षांची मेहनत एका रात्रींत राख झाली. पुढें मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स यांनीं १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांसह पुन्हा नकला करविल्या. त्यांतील पुष्कळशा १८८५ सालीं लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमच्या आगींत गेल्या. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जपानी कलावंतांनीं केलेल्या नकला टोकियोस १९२३ च्या भूकंपांत भस्मसात झाल्या. तीनदां नकला आणि तीनदां आग. दैवास दोष देऊन हा विषय संपविण्याची आपल्याकडे रीत आहे. पण जें एकाच प्रतींत असतें तें एकाच आगीनें जातें, यांत दैवाचा संबंध नाहीं. गिलचीं छायाचित्रें छापून अनेक हातीं गेलीं होतीं, म्हणून तीं उरलीं.

तरी न्याय दोन्ही बाजूंचा व्हावा. ज्या कामासाठीं गिलला नेमलें होतें तें काम त्याच्या कॅमेऱ्यानें कधींच झालें नसतें. ओल्या कांचेस निळा प्रकाश तेवढा दिसे. तांबडा आणि पिवळा तिला काळ्यासारखाच. अजिंठ्याचे चित्रकार तर गेरूचे आणि पिवळ्या मातीचे उपासक. पद्मपाणीची ती प्रसिद्ध मूर्ति ओल्या कांचेवर घेतली असती तर काळसर डागांचा एक पट्टा मिळाला असता. गिल हें जाणून असावा. त्याचीं छायाचित्रें मुख्यतः दर्शनी भागांचीं, खांबांचीं व मूर्तींचीं आहेत, आणि रंगासाठीं त्यानें कुंचलाच हातीं ठेविला. १८७३ सालीं फोगेल या जर्मन शास्त्रज्ञानें कांचेस निळ्याशिवाय इतर रंगहि दिसूं लागतील अशी युक्ति काढली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं तांबड्यासह सर्व रंग टिपणाऱ्या कांचा बाजारांत आल्या. त्या पायावर हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम यझदानी यांनीं छायाचित्रांवरून छापलेला अजिंठ्याचा चार खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. त्याचा पहिला खंड १९३० चा आणि शेवटचा १९५५ चा.

या साऱ्या काळांत आपले लोक स्वस्थ बसले होते असें कोणी समजूं नये. मुंबईंत १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तेव्हां डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या अगदीं आरंभींच्या मंडळींत होते आणि स्वतः उत्तम फोटो काढीत. स्वतः भाऊ दाजींनीं अजिंठ्याचे शिलालेख वाचण्याचें मोठें काम केलें.

गिलच्या उलट निवड करणारा मोठा फोटोग्राफर म्हणजे राजा दीनदयाळ. मेरठजवळच्या सरधन्याचा हा गृहस्थ, रुडकीस शिकलेला, इंदूरच्या बांधकाम खात्यांत नोकरीस असतांना या कलेकडे वळला आणि पुढें सहाव्या निजामाचा दरबारी फोटोग्राफर झाला. अजिंठा, वेरूळ, दौलताबाद हा सारा मुलूख तेव्हां निजामाच्या राज्यांत. १८९२ च्या सुमारास दीनदयाळांनीं निजामाच्या मुलखांतील दृश्यांचा जो संग्रह केला, त्यांत वेरूळचीं लेणीं, दौलताबादचा किल्ला व बिबीका मकबरा आहेत. त्यांच्या कांचा मोठ्या, आणि त्यांवरील काम असें रेखीव कीं दगडावरच्या टाकीचे घाव मोजावेत. पण त्यांच्या पाठीशीं दरबार होता, गडीमाणसें होतीं. आणि वाळलेल्या, आधींच तयार करून ठेवलेल्या कांचा तोंवर बाजारांत मिळूं लागल्यामुळें रावटीचें लचांडहि सुटलें होतें. दीनदयाळांचीं चित्रें पाहून मोठ्या कॅमेऱ्याचा मोह पडतो खरा. ज्याच्यामागून चार गडी चालणार नाहींत त्यानें तो आवरावा.

सामान्य कुटुंबाच्या हातीं कॅमेरा आला तो ईस्टमन या अमेरिकन कारखानदारामुळें. १८८८ सालीं त्यानें 'कोडॅक' काढला. किंमत पंचवीस डॉलर, आंत शंभर चित्रांची गुंडाळी, आणि ती संपली कीं कॅमेराच कारखान्यास परत धाडावयाचा. १९१२ सालीं त्याच कंपनीनें बंडीच्या खिशांत मावेल असा घडीचा कॅमेरा आणला. याच सुमारास इकडे मनमाडपासून औरंगाबादेस रेल्वे झालेली होती, आणि अजिंठ्यासाठीं जळगांव किंवा पाचोरा गांठून पुढची वाट धरणारे प्रवासी वाढूं लागले होते. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं वेरूळावर १९२९ सालीं व अजिंठ्यावर १९३२ सालीं प्रवाशांच्या उपयोगासाठीं पुस्तकें प्रसिद्ध केलीं, यावरूनहि ही वाढ ध्यानांत येते.

परंतु खिशांतल्या त्या कॅमेऱ्याचें भिंग बेताचें आणि छिद्र बारीक. बाहेर उन्हांत तो गुणी, लेण्यांत आंधळा. गिलच्या यंत्रांत लहानपणा आणि उजेड हे दोन गुण एकत्र होते. त्यांतील पहिला तेवढा लोकांनीं उचलला आणि दुसरा वाटेंत सांडला. तो पुन्हा हातीं आला १९२५ सालीं. जर्मनींतील लाइट्झ या सूक्ष्मदर्शक यंत्रें करणाऱ्या कारखान्यांत ऑस्कर बार्नाक नांवाचा कारागीर होता. त्यास दम्याचा विकार, त्यामुळें डोंगरांत फिरतांना जड कॅमेरा वाहवत नसे, असें सांगतात. त्यानें सिनेमाची चिंचोळी फिल्म घेऊन २४ बाय ३६ मिलिमीटरच्या चित्राचा एक लहान कॅमेरा बनविला, तोच 'लायका'. टपाल तिकिटाएवढी निगेटिव्ह आणि तीवरून हवें तेवढें मोठें चित्र, ही कल्पना तोंवर व्यवहारांत रुळली नव्हती. ती रुळतांच कांचेएवढेंच चित्र हा जुना नियम मोडला, आणि लहान कॅमेरा घेणाऱ्यास चित्रहि लहानच घ्यावें लागेल ही अट उरली नाहीं.

मराठी मध्यम वर्गाच्या घरांत मात्र लायका क्वचितच आला. किंमतीनेंच तो दूर ठेविला. १९६० नंतरच्या दशकांत आपल्याकडे घरोघर दिसूं लागला तो बडोद्यास तयार होणारा आग्फा कंपनीचा 'क्लिक थ्री'. एका रोलांत बारा चित्रें, शटरची गति एकच, आणि निवड करावयाची ती एवढीच कीं खटका सूर्याच्या खुणेवर ठेवावा कीं ढगाच्या. तिसरी खूण नव्हती. लेण्यांतील काळोखास या कॅमेऱ्यांत जागाच ठेविलेली नव्हती म्हणावयाची! त्या पिढीच्या घरगुती आल्बमांत अजिंठ्याच्या सहलीचीं चित्रें पाहावींत: पायऱ्यांवर ओळीनें उभीं असलेलीं मंडळी, कैलासाच्या हत्तीपाशीं हात ठेवून उभा असलेला मुलगा, डोळ्यांवर ऊन आल्यामुळें कपाळास आंठ्या घातलेल्या मावशी. आंतलीं भित्तिचित्रें त्यांत जवळजवळ कोठेंच नाहींत. याचें कारण लोकांची अनास्था नव्हे. कॅमेऱ्यास सूर्य आणि ढग यांपलीकडे कांहीं ठाऊक नव्हतें.

आतां फिल्म जाऊन तिच्या जागीं विजेवर चालणारा संवेदक फलक आला, तरी हिशेब तोच आहे. साध्या लहान कॅमेऱ्यांतील फलक सुमारें सहा बाय साडेचार मिलिमीटरचा असतो. 'एक इंची' म्हणून जो विकला जातो त्यांत कोठेंहि एक इंच सांपडत नाहीं, तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असून नांव तेवढें टेलिव्हिजनच्या जुन्या नळ्यांवरून चालत आलें आहे. नांव फसवें असलें तरी क्षेत्रफळ पहिल्याच्या चौपट आहे, आणि अंधारांत तेवढ्याच उजेडानें भरलेलें चौपट अंगण असणें हा मोठाच फरक होय. २०१२ सालीं सोनी कंपनीनें असा फलक खिशांत मावणाऱ्या कॅमेऱ्यांत घातला, तेव्हांपासून प्रवाशांची पुष्कळ सोय झाली. दुकानदार बहुधा दुसरेच दोन आंकडे पुढें करतो: चित्रांत किती कोटि ठिपके पडतात, आणि दूरचें किती पट जवळ दिसतें. अजिंठ्यास जाणाऱ्यास या दोहोंचा उपयोग फार थोडा. कोटि ठिपके चिमुकल्या फलकांत कोंबले तर प्रत्येकाच्या वांट्यास उजेडाचा कण येतो. आणि ज्या चौकांत मागें सरकतां येत नाहीं तेथें दूरदर्शी भिंगापेक्षां रुंद पाहणारें भिंगच कामास येतें. त्यानें विचारावें तें असें: फलक केवढा, छिद्र किती मोठें उघडतें, आणि हात हलला तर तो हेलकावा यंत्र सांवरून घेतें कीं नाहीं. हल्लींचे फोन एकामागून एक अनेक प्रतिमा घेऊन त्यांची एक करतात व त्यामुळें बरीच मजल मारतात. ज्याच्या हातीं असा चांगला फोन आहे त्यानें निराळा कॅमेरा घ्यावाच असें नाहीं.

फ्लॅशचा विचारच सोडावा. चित्रांच्या लेण्यांत त्यास मनाई आहे, आणि ती रास्त आहे. तीव्र प्रकाश पडून पडून रंग उतरतात. तिपाईलाहि पुरातत्त्व खात्याची आधीं परवानगी लागते. जुने वाटाडे एक युक्ति करीत: बाहेर उन्हांत आरसा किंवा चकचकीत पत्रा धरावयाचा, आणि आंतील पांढऱ्या कापडावर ती तिरीप घेऊन भिंतीवर मऊ उजेड पाडावयाचा. बेनॉय बहल यांनीं १९९० नंतरच्या वर्षांत अजिंठ्याचीं जीं विलक्षण छायाचित्रें घेतलीं, तीं मंद उजेडांत, शटर दीर्घकाळ उघडें ठेवूनच. घाई करणाऱ्यास कोणताहि कॅमेरा हें देणार नाहीं. वेरूळचीं लेणीं पश्चिमाभिमुख आहेत, म्हणून तेथें दुपारनंतर जावें. सकाळीं जाणाऱ्या सहलीच्या गाड्यांना कैलासाचा दर्शनी भाग सांवलींतच मिळतो.

गिल १८७९ सालीं वारला. भुसावळास त्याची कबर आहे. त्याच्या आणि त्याच्यामागून आलेल्यांच्या छायाचित्रांचा उपयोग पुढें कसा झाला, तें पहिल्या क्रमांकाच्या लेण्यापाशीं उभें राहिलें म्हणजे कळतें. आज या विहारासमोर प्रवासी थांबतो तेव्हां त्यास सरळ ओसरीचे खांब दिसतात. त्यांच्यापुढें पूर्वीं दोन खांबांची एक देवडी होती. ती कोसळून नाहींशी झाली. दगडहि जागेवर उरला नाहीं. एकोणिसाव्या शतकांत घेतलेल्या छायाचित्रांत ती देवडी अजून उभी आहे.